२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, याची कागदावर खात्री कशी करायची?

दिग्रसजवळच्या एका खेड्यातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न. तो रात्री मोबाइलवर प्रोग्रॅमिंग शिकतो. एका बेरजेचं उत्तर अचानक उणे आलं, तेव्हा शोधल्यावर कळलं की त्या चलात, म्हणजे संख्या ठेवायच्या जागेत, २,१४,७४,८३,६४७ च्या पुढची संख्या मावतच नाही. तिथेच वाचलं की ही मूळ संख्या आहे, आणि एका ॲपनेही ‘मूळ’ असंच सांगितलं. त्याचं म्हणणं असं: "ॲपने सांगितलं म्हणून मानायचं का? कागदावर करायचं तर एवढ्या मोठ्या संख्येला कशाकशाने भागत बसायचं? आणि मूळ आहे म्हणूनच कॉम्प्युटरवाल्यांनी ती निवडली का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो. तशी निवड कोणी केलेली नाही. पूर्णांक ठेवायला ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या ३२ जागा असतात, त्यातला एक चिन्हासाठी जातो आणि उरलेल्या ३१ ठिकाणी १ भरला की ही संख्या तयार होते. ती मूळ निघाली हा योगायोग. ६४ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २ चा ६३ वा घात वजा १. तिला तर ७ नेच पूर्ण भाग जातो.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला अडचण संख्येच्या मोठेपणाची वाटते आहे. यवतमाळ जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. माझा अनुभव असा की मुलं दहा अंक बघूनच पेन खाली ठेवतात, पण ती संख्या कशी घडली आहे हे कोणी बघत नाही. घडण कळली की कशाने भागायचं आणि कशाने भागायची गरजच नाही, हे संख्या स्वतःच सांगते.

घडण डोळ्यापुढे यावी म्हणून ज्वारी घ्या. महिन्याच्या १ तारखेला एक दाणा ठेवा, २ तारखेला दोन, ३ ला चार, अशी रोज दुप्पट करा. महिना ३१ दिवसांचा असेल तर अखेरीस एकूण दाणे बरोबर २१४७४८३६४७ होतात, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. हजार दाण्यांचं वजन तीसेक ग्रॅम धरलं तर ही सहाशे क्विंटलच्या वर ज्वारी झाली. आता हे दाणे कपाशीच्या तासांसारखे सारख्या लांबीच्या ओळींत मांडायचे आहेत. दोन तासं पाडा, सात पाडा, हजार पाडा, शेवटचं तास अपुरंच राहतं. सगळे दाणे एकाच तासात मांडले किंवा एकेका दाण्याचं तास केलं, तरच हिशेब जुळतो. मूळ संख्या म्हणतात ती हीच.

महिना २८ दिवसांचा घेतला तर? चार पूर्ण आठवडे होतात. पहिल्या आठवड्याचे दाणे १२७. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक वारी आधीच्या आठवड्यातल्या त्याच वारापेक्षा १२८ पट दाणे, म्हणजे आठवड्याची बेरीज १२७ × १२८. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचंही तसंच. म्हणजे सगळ्या महिन्याच्या बेरजेला १२७ ने भाग जाणारच, भागाकार करून बघायचीही गरज नाही. ३० दिवसांच्या महिन्याचे पाच-पाच दिवसांचे गट पाडा, तिथे ३१ ने भाग जातो. दिवसांचे सारखे गट पडले की दाण्यांचेही पडतात. म्हणून घातांक, म्हणजे इथे दिवसांची संख्या, स्वतः मूळ असल्याशिवाय अशी संख्या मूळ असूच शकत नाही.

पण घातांक मूळ आहे एवढं पुरत नाही. लीप वर्षातला फेब्रुवारी २९ दिवसांचा, आणि २९ मूळ आहे. त्या महिन्याचे दाणे ५३६८७०९११. आणि ही संख्या २३३ × ११०३ × २०८९ अशी फुटते. गुणाकार करून बघा. इटलीतले गणिती काताल्दी यांनी २९ आणि ३१ या दोन्ही घातांकांना मूळ संख्या मिळते असं म्हटलं होतं. २९ च्या बाबतीत ते चुकले हे थोर गणिती ऑयलर यांनी १७३८ मध्ये दाखवलं, आणि ३१ च्या बाबतीत ते बरोबर होते हेही पुढे १७७२ मध्ये ऑयलर यांनीच सिद्ध केलं. तेव्हा ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती. ज्या माणसाला कागदावरचे आकडे दिसत नव्हते त्याने हे काम केलं, ही गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगत आलो. त्यांनी केलं काय, ते आता बघू.

साधी रीत तुम्हाला माहीत आहे. संख्या फुटत असेल तर तिचा एक तरी अवयव वर्गमूळाच्या आत सापडतो. ४६३४० चा वर्ग आपल्या संख्येपेक्षा कमी आहे, ४६३४१ चा जास्त. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, आणि त्या पावणेपाच हजारांच्या आसपास आहेत. एका भागाकाराला पाच मिनिटं धरली तर रोज दोन तास बसूनही सहा महिन्यांच्या वर लागतील. संख्येला काही खास घडण नसती, तर कागदावर माझ्याकडेही याहून फार सोपा रस्ता नव्हता. पुढे जे सांगतो आहे ते ‘२ चा घात वजा १’ अशाच संख्यांना लागू पडतं. वाटेल ती दहा अंकी संख्या घेऊन हे करू नका.

समजा आपल्या संख्येला एका मूळ संख्येने पूर्ण भाग जातो. तिला भाजक म्हणू. मग २ च्या ३१ व्या घाताला त्या भाजकाने भागलं तर बाकी १ राहील. आता २ चे घात एकेक करत भागत जा: २, ४, ८, १६... बाक्या फिरत फिरत पुन्हा १ वर येतात आणि तीच फेरी परत सुरू होते, आठवडी बाजारासारखी. आज बाजार आहे आणि अमुक दिवसांनीही बाजारच आहे, तर ते मधले दिवस सातच्या पटीतच असणार. इथे फेरी किती दिवसांची? ३१ व्या घाताला बाकी १ आहे, म्हणून फेरीच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. ३१ मूळ असल्यामुळे ती लांबी १ किंवा ३१. लांबी १ असेल तर २ ला भागूनच बाकी १ राहायला हवी, ते शक्य नाही. म्हणजे बाजार दर ३१ पावलांनी भरतो.

दुसऱ्या बाजूने फर्मांचा छोटा सिद्धांत सांगतो की २ चा घातांक भाजकापेक्षा एकने कमी घेतला तरी बाकी १ च राहते. म्हणजे त्या पावलावरही बाजार आहे. म्हणून भाजक वजा १ ही संख्या ३१ च्या पटीत हवी. भाजक विषम आहे, म्हणजे ती समही हवी. एकूण ६२ ची पट. सगळे भाजक ६३, १२५, १८७, २४९, ३११ या रांगेतूनच यायचे. फेब्रुवारीवर पडताळा घ्या: २९ ची दुप्पट ५८, आणि २३३ = ५८ × ४ + १, ११०३ = ५८ × १९ + १, २०८९ = ५८ × ३६ + १. तिन्ही अवयव नियमात बसतात. हे तीन आकडे फळ्यावर मांडले की वर्गात जी शांतता पसरते, ती मला फार आवडते.

अजून एक चाळणी आहे. २ च्या ३१ व्या घाताला बाकी १, म्हणजे ३२ व्या घाताला बाकी २. पण ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे त्या भाजकाच्या हिशेबात कुठल्या तरी वर्गाला बाकी २ राहते. असं प्रत्येक मूळ संख्येला घडत नाही. ७ ला घडतं (३ चा वर्ग ९, बाकी २), २३ ला घडतं (५ चा वर्ग २५, बाकी २), ५, ११ किंवा १३ ला कितीही वर्ग तपासले तरी घडत नाही. नियम असा की ८ ने भागून ज्या मूळ संख्यांची बाकी १ किंवा ७ राहते, त्यांनाच हे जमतं. याची पूर्ण सिद्धता संख्या सिद्धांताच्या (नंबर थिअरीच्या) कुठल्याही प्राथमिक पुस्तकात मिळेल. आपल्या रांगेत ६३ ची बाकी ७, १२५ ची ५, १८७ ची ३, २४९ ची १. चारातले दोन गळतात. उरतात २४८ च्या पटीत १ मिळवलेल्या किंवा ६३ मिळवलेल्या संख्या.

४६३४० च्या आत पहिल्या जातीच्या १८६ आणि दुसऱ्या जातीच्या ६३ धरून १८७ येतात. ६३ मूळ नाही, ती काढली की एकूण ३७२. पावणेपाच हजारांवरून आपण इथे आलो. त्यातही ज्यांच्या अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो त्या सोडा, बरोबर २४८ राहतात. शेवटी ५ असलेल्या सोडल्या की दोनशेच्या आसपास. ७, ११, १३ ने भाग जाणाऱ्या काढल्या की आणखी कमी.

हे मी एकदा अकरावीच्या वर्गात करून घेतलं होतं. श्रावणातला झडीचा आठवडा होता, लाईट गेलेली, चाळीसच्या आसपास मुलं. प्रत्येकाला पाच भाजक वाटून दिले. अर्ध्या तासाने शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझी बाकी शून्य आली." सगळा वर्ग तिच्या वहीवर वाकला. ऑयलर चुकले की काय, असंच सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी तिला फक्त ताळा घ्यायला सांगितला. नवाचा ताळा तुमच्या आजोबांना नक्की येत असेल: अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत जायचं. २१४७४८३६४७ च्या अंकांची बेरीज ४६, त्याची १०, त्याची १. म्हणजे भाजकाचा ताळा गुणिले भागाकाराचा ताळा, अधिक बाकीचा ताळा, हे सगळं १ वर आलं पाहिजे. तिचा आला ४. एका वजाबाकीत हातचा सुटला होता. तिने तो भागाकार पुन्हा केला, बाकी शून्य नव्हती. ताळा जुळला म्हणजे भागाकार बरोबरच असं नाही, दोन अंकांची अदलाबदल झाली तर तो पकडत नाही. पण जुळला नाही तर चूक आहे हे नक्की. दोनशे भागाकार हाताने करायचे तर प्रत्येकाला ताळा लावाच. नाहीतर सिद्धता झाली असं म्हणता येणार नाही.

हाच ताळा मला या संख्येचा सर्वांत सुंदर गुण दाखवायला उपयोगी पडतो. नवाचा ताळा का चालतो? १० ला ९ ने भागलं की बाकी १, म्हणून दशक, शतक, हजार सगळ्यांची किंमत बाकीच्या हिशेबात १ होते आणि अंक नुसते मिळवले की काम होतं. आपल्या संख्येने २ च्या ३१ व्या घाताला भागलं तरी बाकी १ च राहते. म्हणून कितीही मोठी संख्या दोनाच्या भाषेत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहा, उजवीकडून ३१-३१ अंकांचे तुकडे करा आणि ते तुकडे नुसते मिळवा. बेरीज ३१ अंकांत मावेपर्यंत हेच करत राहिलात की भागाकार न करताच बाकी हातात येते. नवाच्या ताळ्याचंच हे मोठं भावंड.

यादृच्छिक संख्या काढणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हा गुण फार वापरला गेला. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये जी रीत किमान दर्जाची म्हणून सुचवली, तिच्यात हातातल्या संख्येला १६८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने गुणायचं आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची. असं करत गेलं तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येते आणि मगच पहिली परत दिसते. भाजक मूळ नसता तर अशी पूर्ण फेरी मिळाली नसती. खेळासाठी किंवा सरावासाठी ही रीत चालेल, पासवर्डसाठी मात्र वापरू नका. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

आता तुमच्या ॲपचा मुद्दा. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ते आत काय करतं यावर अवलंबून आहे. काही प्रोग्रॅम फक्त एवढंच बघतात की २ चा घातांक संख्येपेक्षा एकने कमी घेतला तर बाकी १ राहते का. राहिली की ‘मूळ’ म्हणून मोकळे. ही परीक्षा ३४१ पास होते, आणि ३४१ तर ११ × ३१ आहे. आपल्या जातीच्या संख्यांना तर ती मुळीच उपयोगाची नाही, कारण घातांक मूळ असला की त्या सगळ्याच पास होतात. फेब्रुवारीची ५३६८७०९११ सुद्धा. म्हणून ॲपला आधी ५३६८७०९११ विचारा. तिलाही त्याने ‘मूळ’ म्हटलं तर ते ॲप काढून टाका.

या जातीसाठी पक्की परीक्षा वेगळी आहे, ल्युका आणि लेमर यांची. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी पावलं झाल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. दोन्ही बाजूंनी पक्कं. १२७ वर, म्हणजे सात दिवसांच्या दाण्यांवर, कागदावर करून बघा: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४४८७ ची ४२, मग १७६२ ची १११, मग १२३१९ ची शून्य, कारण १२७ × ९७ = १२३१९. पाच पावलं, सातातून दोन गेले की पाच. आपल्या संख्येला २९ पावलं लागतात. हाताने ते जड आहे, पण तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकता आहात, आठ-दहा ओळींत होईल. फक्त चल ६४ बिटांचा घ्या. वर्ग ३२ बिटांत मावणार नाही आणि ज्या उणे उत्तरापासून तुमचा प्रश्न सुरू झाला तेच पुन्हा समोर येईल. ६४ बिटांत मात्र इथला कुठलाही वर्ग मावतो.

याच परीक्षेवर आजचे विक्रम उभे आहेत. ऑयलर यांची आपली संख्या १८६७ पर्यंत माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या विक्रमी संख्येत घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि संख्या ४,१०,२४,३२० अंकांची. घडण मात्र तीच, रोज दुप्पट होणाऱ्या दाण्यांची. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं तर २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, जिचे स्वतःहून लहान सगळे विभाजक मिळवले की तीच परत येते, जशी २८ = १ + २ + ४ + ७ + १४. युक्लिड यांच्या काळापासून हे नातं माहीत आहे.

तुमच्या हातात काय आहे त्यावरून ठरवा. लाईट आणि मोबाइल असेल तर २९ पावलांचा प्रोग्रॅम लिहा. वही आणि पावसाळी सुट्टी असेल तर भागाकार करा, मित्रांना घेऊन केले तर दोन-तीन दिवसांत होतील. सुरुवात चुकू नये म्हणून पहिले तीन भाजक मी देऊन ठेवतो. ३११ ने भागलं तर भागाकार ६९०५०९२ आणि बाकी ३५ यायला हवी. मग १३०३, बाकी २२६. मग १४८९, बाकी १९९. मधल्या ४९७, ५५९, १२४१ वगैरे संख्या मूळ नाहीत, म्हणून त्या सोडल्या. चौथा भाजक रांगेतून तुम्ही शोधा, आणि बाकी काढलीत की आधी ताळा घ्या, मग मला कळवा.